लाकडाचा अर्धा तुकडा

तिसरा महिना, सातवा दिवस
उत्तर दरवाज्याजवळचं चाऱ्याचं दुकान

ताईस, धाकट्या कुओचा वाकून नमस्कार. दाजींनाही सांग.

मीठवाला म्हातारा उद्या भिंतीपलीकडे, तुमच्या माळाकडे निघतो आहे, म्हणून घाईत लिहायला बसलो. तो म्हणतो, "दोन ओळी लिही बाबा, लाकडाच्या पट्ट्यांची मोळी देऊ नकोस. माझ्या गाढवाला मिठाचंच ओझं पुष्कळ आहे." त्याला कुठे ठाऊक, बाबांनी बुरुजावर कारकुनी करता करता आपल्या दोघांना अक्षरं शिकवली, ती काय दोन ओळींसाठी.

आई बरी आहे म्हणावं तर नाही, आजारी म्हणावं तर चिडते. खोकला हिवाळ्यापासून ठाण मांडून आहे. राळ्याची पेज अर्धी स्वतः पिते, अर्धी त्या पांढऱ्या कानाच्या शेळीला पाजते. शेळी आता तिच्या उशाशीच झोपते. परवा मी म्हटलं, "आई, तिला चरायला तरी सोड." तर म्हणाली, "मी मेल्यावर सोड." तुझी भावजय हसून हसून दमली. मला मात्र हसू आलं नाही.

गावात मोठी बातमी म्हणजे आपले राजेसाहेब वारले, आणि त्यांच्यामागोमाग त्यांचं राज्यही वारलं. सम्राटांचं फर्मान आलं की बापाची जमीन एकट्या थोरल्याला नको, सगळ्या मुलांना वाटून द्या. धाकटे राजपुत्र आनंदाने राजधानीच्या दिशेला लोटांगणं घालत सुटले. वाटणी होता होता एकेकाच्या पदरात एक वेस आणि दोन विहिरी पडल्या. आता कुणाच्याच पागेत लढण्याइतके घोडे नाहीत. एक तलवार उपसली नाही की एक माणूस पडला नाही. मीठवाला म्हणतो, असा चोर त्याने जन्मात पाहिला नाही, ज्याच्या घरी चोरी झाली तेच आभार मानतात.

आता राजधानीहून पांग नावाचे अधिकारी आले आहेत. त्यांच्याजवळ कांस्याच्या वाघाचा अर्धा भाग आहे, दुसरा अर्धा सम्राटांजवळ. दोन अर्धे जुळल्याशिवाय शिपाई जागचा हलत नाही. पूर्वी राजेसाहेब खाकरले तरी फौज निघायची. शिवाय पाच-पाच घरांचे गट बांधले आहेत. एका घराने गुन्हा केला की शिक्षा पाचांना. आपल्या गटात आपण, कुंभार, दोघे विणकर भाऊ आणि शेजारच्या तानकाकू. तानकाकू म्हणतात, "चाळीस वर्षं यांच्या भांडणांत तोंड घातलं, आता कायद्यानेच घालायला सांगितलंय."

आणि त्या हुलानला विचार, माझं शिंगरू कुठे आहे? तुझ्या लग्नात दारूच्या भरात माझ्या गळ्यात पडून त्याने कबूल केलं होतं. तुझा दीर म्हणून अजून गप्प आहे.

कुओ


चौथा महिना, विसावा दिवस
वाकड्या नदीकाठचा तळ

कुओ, बाळा,

तुझ्या पट्ट्या मी एकदा स्वतःशी वाचल्या, मग तुगेला वाचून दाखवल्या. तुझे दाजी आईच्या शेळीवर फार खूश आहेत. म्हणाले, "तुझी आई आमच्यातलीच. आमच्याकडेही माणसाआधी जनावर जेवतं." सासूबाईंनी आईसाठी वाळवलेलं दूध दिलं आहे. पेजेत घाल. आंबट लागेल, पण छातीला बरं.

हुलान म्हणतो, शिंगरू कधीच तयार आहे, तूच आला नाहीस. त्याच्या मते शिंगरू आता घोडा झाला, घोड्याला पोरं झाली, म्हणजे तुझं देणं वाढलं की त्याचं, हे तो रोज मला विचारतो. तंबूत या एका माणसाचा आवाज नसला तर जेवण जात नाही मला.

वाटणीचं वाचून मला हसू आलं आणि भीतीही वाटली. घरातले भाऊ गप्प बसवून झाले की धन्याची नजर कुंपणाबाहेर जाते. इतकी वर्षं सम्राट आमच्या लोकांना दरसाल रेशीम आणि धान्य धाडत आले, म्हणून तह टिकला आणि म्हणूनच मला या घरी देता आलं. घरातलं भांडण मिटल्यावर ते रेशीम त्यांना जड वाटेल का रे?

आईला बघावंसं वाटतं. लिहिते आणि पुसते, लिहिते आणि पुसते. पट्टी खरवडून पातळ झाली. आई आठवण काढते का?

शू


पाचवा महिना, अठ्ठाविसावा दिवस
चाऱ्याचं दुकान

आदरणीय ताई,

आईला वाळवलेलं दूध मानवलं. प्रकृतीस उतार आहे. ती रोज तुझी आठवण काढते व तुला एकदा पाहावं अशी तिची इच्छा आहे.

कळवण्यास आनंद वाटतो की नवव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी उत्तर दरवाज्याबाहेर शरदाचा मोठा बाजार भरेल. सम्राटांकडून यंदाचं रेशीम आलं असून ते पांगसाहेबांच्या हस्ते तुमच्या टोळीप्रमुखांना द्यायचं आहे. तरी प्रमुखांनी स्वतः आपल्या स्वारांसह यावं. घोड्यांना चांगला भाव मिळेल. ही गोष्ट दाजींनी वडीलधाऱ्यांच्या कानावर घालावी.

तू व तुझ्या घरच्यांनी गर्दीत थांबू नये. सोबत लाकडाचा अर्धा तुकडा पाठवला आहे. दुसरा अर्धा भिंतीतल्या लहान दाराच्या पहारेकऱ्याकडे राहील. हा दाखवला की तो जुळवून पाहील आणि तुम्हाला सरळ घरी सोडेल. पांगसाहेबांनी माझ्यासमोर तो मधोमध चिरला. त्यांनी शब्द दिला आहे.

आईची शेळी तिच्या उशाशीच असते.

कुओ


सहावा महिना, पंधरावा दिवस
वरचं कुरण

कुओ,

हे पत्र तू लिहिलंस की कुणी तुझ्या मानेवर बसून लिहून घेतलं? "कळवण्यास आनंद वाटतो." बाबा बुरुजावरून कचेरीला असं लिहायचे आणि मग आपल्याकडे बघून डोळा मारायचे. तुझ्या पत्रात मला तो डोळा सापडला नाही. हुलानने दोनदा वाचायला लावलं. "शिंगराचं एक अक्षर नाही? माझा कुओ आजारी आहे का?" म्हणून विचारतो.

तुगेने वडीलधाऱ्यांना सांगितलं. ते खूश आहेत. प्रमुखांच्या बायकांनी रेशमाचे रंगसुद्धा वाटून घेतले. मी एकटीच काळजी करत बसले तर सगळे म्हणतील, भिंतीपलीकडच्या हान लोकांची मुलगी, माहेर जवळ आलं की हिला रडू येतं.

म्हणून एक काम कर. मी निघाले त्या दिवशी तू बैलगाडीपाशी होतास, आई मला दारापर्यंत सोडायला आली होती. उंबऱ्यात तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरून एकच वाक्य म्हटलं होतं. ते आम्हा दोघींशिवाय कुणाला ठाऊक नाही. तिला विचार, ती काय म्हणाली होती. तेवढं एक वाक्य लिहून धाड. मी डोळे मिटून येईन.

शू


सातवा महिना, तिसरा दिवस

ताई,

विचारलं. आई हसली आणि म्हणाली, "लवकर परत ये, दार उघडंच ठेवीन, असं म्हटलं होतं मी तिला." तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ये आता. जास्त विचार करू नकोस. हुलानला म्हणावं, मी शिंगरू विसरलेलो नाही.

कुओ


आठवा महिना, दहावा दिवस

कुओ,

उत्तर मिळालं. आता माझ्या मनात काही शंका उरली नाही.

प्रमुखांबरोबर शेकडो स्वार निघाले आहेत, मागून आमची बिऱ्हाडं. लाकूड हुलानने माझ्याकडून मागून घेतलं आणि गळ्यात बांधलं आहे. दारात पहिला तोच शिरणार म्हणतो, तुझ्या तोंडावर शिंगराचा लगाम फेकायला.

येतोच आहोत.

शू


नववा महिना, अकरावा दिवस
कचेरीच्या कोठडीतून

ताई,

समोर कचेरीचा लेखनिक बसला आहे. मी लिहितो ती प्रत्येक पट्टी तो वाचतो. म्हणून जे लिहितो ते सगळ्यांच्या देखत लिहितो आहे, असं समज.

तुम्ही टेकडीवरून मागे फिरलात. तुमचे प्रमुख आणि सगळे स्वार तिथूनच वळले. दरवाज्याच्या आत आणि दोन्ही बाजूंच्या दऱ्यांत सम्राटांची फौज किती दिवस दडून बसली होती, ती तशीच परत गेली. राजधानीहून विचारणा आली आहे की हे कुणाच्या चुकीमुळे झालं. पांगसाहेबांनी उत्तर दिलं आहे की निंग कुओने बहिणीला आतून खूण दिली.

भिंतीवरच्या पहारेकऱ्यांनी पाहिलं, टेकडीवर एक बाई उभी होती, तिच्यापाशी पांढऱ्या कानाची शेळी होती, आणि त्यानंतर स्वार वळले. साहेब विचारतात, ती शेळी तिथे कशी आली. हुकूम होता की माळ गजबजलेला दिसावा म्हणून प्रत्येक घराने आपली जनावरं बाहेर सोडावीत, आणि माणसांनी सगळ्यांनी आत यावं. मी हुकूम पाळला. घरात होतं ते जनावर सोडलं. याहून जास्त काही नाही.

ताई, मला वाचवू शकतो असा एकच माणूस आहे, तो तू. तू लिहून दे की मी तुला कसलीही खूण दिली नाही. लिही की मी तुला पहिल्यापासून फसवलं आणि फसवण्यात काही कसर ठेवली नाही. ते खरंच आहे. आई चौथ्या महिन्याच्या अखेरीला गेली. तुझं वाळवलेलं दूध पोचलं तेव्हा तिला पुरून आठवडा झाला होता. मी अंगावर सुतकाचे जाडेभरडे कपडे घालून तिच्या नावाने तुला पत्रं लिहिली. तिला मानवलं म्हणून लिहिलं, ती हसली म्हणून लिहिलं. उंबऱ्यातलं वाक्य मी बनवलं. पांगसाहेबांना ते आवडलं होतं. हे सगळं आठवून तू लिही.

भिंतीपलीकडे ज्याची बहीण आहे, त्याच्यावर आधीच संशय होता. साहेबांनी मला बोलावून म्हटलं, "लिहितोस की पाच घरं पाठवू?" कुठे पाठवणार ते सांगितलं नाही. कुंभाराच्या सुनेला दिवस गेले आहेत. मी पांगसाहेबांचा शब्द घेतला आणि लिहिलं. आता तीच पाच घरं माझ्याबरोबर कोठडीत आहेत, फक्त तुझ्या भावजयीला पेज आणून द्यायला बाहेर ठेवलं आहे. तानकाकू पलीकडच्या खोलीत आहेत, शेवटी आईचं अंग त्यांनीच पुसलं होतं. त्या मला शिव्या देत नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हुलान आला होता का गं तुमच्याबरोबर? इथे मला कुणी काही सांगत नाही.

कुओ


नववा महिना, पंचविसावा दिवस
वाकड्या नदीच्या उत्तरेला

उत्तर सीमेच्या कचेरीस,

मी निंग शू, बुरुजावरच्या कारकुनाची मुलगी, आता तुगेची बायको, स्वतःच्या हाताने लिहिते. माझा भाऊ निंग कुओ याने मला कोणतीही खूण, इशारा वा निरोप दिला नाही. त्याने मला मेलेल्या आईच्या नावाने बोलावलं. त्याची पाचव्या व सातव्या महिन्यातली पत्रं सोबत जोडली आहेत, कचेरीने वाचावीत. सम्राटांची इतकी इमानाने चाकरी करणारा माणूस कचेरीला दुसरा सापडणार नाही.

स्वार मागे फिरले ते तुमच्या चुकीमुळे. टेकडीवर आल्यावर प्रमुखांनी पाहिलं की खाली सगळा माळ मेंढ्यांनी आणि शेळ्यांनी भरलेला आहे आणि त्यांच्यामागे एक माणूस नाही. ना काठी, ना शीळ, ना कुत्रं. आमच्याकडे चार वर्षांचं पोरही सांगेल की जनावरं टाकून माणसं लपली आहेत. हे राजधानीच्या माणसांना कळलं नाही, त्याला माझा भाऊ काय करणार. पाच घरांना सोडा.

निंग शू


त्याच दिवशी

कुओ,

वरची पट्टी कचेरीची. ही तुझी. मीठवाला ती तुझ्या बायकोच्या हातात देईल, ती पेजेच्या मडक्यातून तुझ्यापर्यंत आणेल. वाचून झाली की चुलीत घालायला तिच्याकडेच परत दे.

तू विचारलंस म्हणून आधी हुलानचं सांगते.

प्रमुखांनी घोडा थांबवला आणि सगळे कुजबुजू लागले. तुगे म्हणाला, "परत फिरू." हुलान म्हणाला, "माणसं दिसत नाहीत म्हणून फिरायचं? मी कुओला विचारून येतो. तो माझ्याशी खोटं बोलणार नाही." मी त्याचा लगाम धरला. म्हटलं, "भाऊजी, माझ्या मनाला पटत नाही." तो हसला. "वहिनी, तुमचा भाऊ आहे तो. तुमचा नाही तर कुणाचा भरवसा धरायचा?" मी लगाम सोडला.

तो खाली उतरला आणि तेवढ्यात ती शेळी गवतातून वर चढत आली. सरळ माझ्यापाशी. मी तिला करडू असताना पाहिली होती, ती मला कशाला ओळखेल. पण माझ्या अंगावर आईनं शिवलेला जुना अंगरखा होता, त्यात तोंड खुपसून उभी राहिली. तुझी तिसऱ्या महिन्याची ओळ मला पाठ होती. मी मेल्यावर सोड. मी हुलानला हाका मारल्या. वारा उलटा होता.

त्याने लहान दाराशी जाऊन लाकूड उंच धरलं. आम्ही सगळे वरून बघत होतो. त्याने ते बराच वेळ धरलं, कुओ. कुणी जुळवायला पुढे आलं नाही. मग भिंतीवरून बाण आले. घोडा शहाणा निघाला, त्याला पाठीवर घेऊन परत आला. लाकूड मुठीतच होतं, आणि लगाम कमरेला बांधलेला. सासूबाई त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. जेवायला वाढतात, पण बोलत नाहीत. तुगे बोलतो, तेही माझ्याकडे न बघता.

तुला पांगने फसवलं, हे मला कळतं. दाराशी दुसरा अर्धा कधी नव्हताच, आणि तुला वाटत होतं की आहे. पण तू मला फसवलंस तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. तू आईच्या तोंडी हसू घातलंस, तिच्या डोळ्यांत पाणी आणलंस. पुरलेल्या बाईला तू इतकं राबवलंस. त्याचा राग मला हुलानच्या मरणापेक्षाही जास्त येतो आणि त्याची मला लाज वाटते.

आई उंबऱ्यात काय म्हणाली होती, ते आता ऐक. तिने माझं तोंड धरलं आणि म्हणाली, "शू, सीमेवरच्या माणसांचे शब्द त्यांचे नसतात. मी बोलावलं तरी येऊ नकोस." तुझं उत्तर वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. तरी मी स्वतःला समजावलं, आजारी बाई आहे, विसरली असेल. तुगेलाही हेच म्हटलं. माझा भाऊ खोटं लिहील, याच्यापेक्षा आई विसरली असेल हे मला सोपं वाटलं. म्हणून मी तुला लिहिलं की शंका उरली नाही, आणि म्हणून हुलान गेला. त्यात तुझा वाटा किती आणि माझा किती, हे सासूबाईंनी ठरवलं आहे. मी त्यांच्याशी भांडत नाही.

शेळी तू मुद्दाम सोडलीस का, हे मला रोज विचारावंसं वाटतं. तूच ती ओळ लिहिली होतीस, ती मी विसरणार नाही हे तुला ठाऊक होतं. आणि हेही खरं की हुकूम होता, आणि तुझ्या घरात तेवढं एकच जनावर होतं. मी विचारणार नाही. तू हो म्हणालास तर तुझी मान जाईल. नाही म्हणालास तर माझा भाऊ जाईल. दोन्ही राहू देत, जसे असतील तसे.

लाकडाचा तुकडा मीठवाल्याबरोबर परत पाठवते आहे. मी तो धुतलेला नाही. सुटलास तर पांगसाहेबांना नेऊन दे आणि त्यांच्याजवळच्या अर्ध्याशी जुळवून बघायला सांग. शिंगरू मात्र पाठवत नाही. ते हुलानच्या थडग्यापाशी सोडलं.

शेळी माझ्याजवळ आहे. दूध आटलं आहे, पण राहू दे.

यापुढे मीठवाल्याकडे माझ्यासाठी काही देऊ नकोस. तू सुटलास हे तो मला सांगेलच. आईचं सांगणं मी एकदा मोडलं. आता तू बोलावलंस तरी मी येणार नाही.

शू